साडेबावीस सेकंदांची शर्यत

जिल्हा पातळीच्या पोहण्याच्या स्पर्धांत मी टायमर म्हणून बसतो. एका लेनला आम्ही तिघं, प्रत्येकाच्या हातात स्टॉपवॉच. पोराचा हात भिंतीला लागला की बटण दाबायचं. आकडे जुळले नाहीत तर मधला धरायचा. "ओ, आमच्या पोराचे दोन शतांश कमी करा की!" असं पालक कट्ट्यावरून ओरडतात. हातातल्या घड्याळात दोन शतांशांना खरं तर काही अर्थ नाही, बोटच तेवढं मागं-पुढं होतं. वीरधवल खाडेचं पदक मात्र एका शतांशानं गेलं.

जकार्ता, २०१८ ची आशियाई स्पर्धा, ५० मीटर फ्रीस्टाइल. प्राथमिक फेरीत कोल्हापूरच्या या गड्यानं २२.४३ सेकंदांची वेळ देऊन २००९ मधला स्वतःचाच राष्ट्रीय विक्रम मोडला. अंतिम फेरीत २२.४७. जपानच्या शुनिची नाकाओनं २२.४६ मध्ये कांस्य नेलं. प्राथमिक फेरीतली वेळ पुन्हा निघाली असती, तर पदक आपलं होतं! त्या वेगाला एक शतांश सेकंद म्हणजे पाण्यात दोन-सव्वादोन सेंटीमीटर. भिंतीशी बोटं ताणलेली की किंचित वाकलेली, एवढंच.

तिथं वेळ माणूस घेत नाही. भिंतीवरच्या टचपॅडवर दाब पडला की घड्याळ थांबतं. यंत्राला हजारांशही मोजता येतात, पण मोजत नाहीत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण स्वीडनच्या गुन्नार लार्सनला अवघ्या २ हजारांशांनी मिळालं, अमेरिकेचा टिम मॅकी दुसरा. त्यानंतर नियम बदलला. तलाव बांधतानाच एखादी लेन काही मिलिमीटर लांब किंवा आखूड होते. मग हजारांशाचा न्याय करणार कशाच्या जोरावर?

५० मीटरला चूक भरून काढायला जागा नसते. ठोकळ्यावरून सूर, १५ मीटरच्या आत डोकं वर, मग थेट भिंत. श्वास एखादाच, काही जण तोही घेत नाहीत. फ्रीस्टाइलमध्ये नियमानं कुठलाही स्ट्रोक चालतो, पण क्रॉलहून वेगवान काही नाही, म्हणून सगळे तोच मारतात.

वीरधवल २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये ५०, १०० आणि २०० मीटर फ्रीस्टाइल पोहला, तेव्हा १६ वर्षांचा होता. २०१० ला ग्वांगझूत त्यानं ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेतलं. १९८६ मधल्या खजानसिंगच्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धेत भारताला पोहण्यात मिळालेलं ते पहिलं पदक. पुढे तो राज्य सरकारच्या सेवेत तहसीलदार झाला. मला विचाराल तर घोळ इथंच आहे. नोकरी हवीच, आपल्याकडे पोहून चूल पेटत नाही. पण स्प्रिंटरचं अंग ज्या वयात भरतं, त्याच वयात त्याच्यापुढं सातबारा आणि पंचनामे! तरीही २६ व्या वर्षी परत येऊन पठ्ठ्यानं राष्ट्रीय विक्रम मोडला. मधली वर्षं पाण्यात गेली असती तर?

२०२३ ला गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकून तो निवृत्त झाला. महिलांच्या त्याच शर्यतीचं सुवर्ण त्याच्या बायकोनं, ऋजुतानं घेतलं. सरकारला एकच सांगणं: खेळाडूला नोकरी जरूर द्या, पण खुर्चीत बसवायचं ते त्याचं पोहणं संपल्यावर.