‘तुला कसला ऑटिझम?’ : निदानावर शंका घेणाऱ्यांना सामोरे जाताना

उपवासकाळातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक शिक्षिका सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबली. वय ३६, माध्यमिक शाळेत गणित शिकवते, आणि मिस्सामध्ये पहिले वाचन करण्यासाठी तिचे नाव यादीत नेहमी वरच्या क्रमांकावर असते. ती म्हणाली, “फादर, मला ऑटिझम आहे असे डॉक्टरांनी सांगितले आहे.” आम्ही हसून उत्तरलो, “अगं, तुला कसला ऑटिझम? तू तर किती सुंदर वाचन करतेस!” आम्हांला वाटले, आपण तिला धीर दिला. ती कसनुसे हसली आणि निघून गेली. पुढचे तीन रविवार ती वाचनाला आली नाही.

त्यानंतर तिचे पत्र आले. ‘सुंदर वाचना’ची किंमत तिने त्यात लिहिली होती. गुरुवारपासून उतारा पाठ करावयाचा, कोणत्या शब्दावर मान वर करून भाविकांकडे पाहावयाचे याची आरशासमोर तालीम करावयाची, रविवारी लाउडस्पीकरचा कर्कश आवाज आणि धुपाचा वास सोसत उभे राहावयाचे, आणि घरी गेल्यावर पडदे ओढून अंधाऱ्या खोलीत दोन तास पडून राहावयाचे. शेवटी तिने लिहिले होते, “आई म्हणते, तुला काही झालेले नाही. आत्या म्हणते, हे डॉक्टरांचे नवे धंदे आहेत. तुम्हीही तेच म्हणालात. आता मलाच वाटू लागले आहे, मी खोटे तर बोलत नाही ना?” तिच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशी काळजी घेऊन आम्ही हा लेख लिहीत आहोत. शंका घेणाऱ्यांत आमचाही समावेश होता, हे आरंभीच सांगितलेले बरे.

अर्धा घोटाळा शब्दानेच केला आहे. मराठीत ऑटिझमला आपण ‘स्वमग्नता’ म्हणतो. मूळ शब्द ग्रीक ‘ऑटोस’, म्हणजे स्वतः, यावरून आला. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑइगेन ब्लॉइलर यांनी १९११ च्या सुमारास तो स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात रूढ केला, आणि पुढे १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करताना तो उचलला. दुसऱ्या वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पेर्गर यांनी उत्तम बोलणाऱ्या, परंतु इतरांत न मिसळणाऱ्या मुलांविषयी लिहिले; ते लेखन इंग्रजी वाचकांना खऱ्या अर्थाने परिचित झाले ते १९८१ मध्ये लॉर्ना विंग यांच्या लेखामुळे. ‘स्वमग्न’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोपऱ्यात बसून डुलणारे, न बोलणारे मूल उभे राहते. तशी मुले आहेतच. परंतु जी व्यक्ती बोलते, शिकवते, प्रार्थना करते, दुसऱ्याच्या दुःखाने रडते, तिने हा शब्द स्वतःस लावला की ऐकणाऱ्यास तो अपमान वाटतो किंवा थट्टा. ती कुठे स्वतःत मग्न आहे? उलट, इतरांना आपले वागणे खटकू नये या चिंतेत ती दिवसभर असते.

म्हणूनच तज्ज्ञ आता ‘वर्णपट’ हा शब्द वापरतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत आस्पेर्गर इत्यादी वेगळी नावे काढून सर्वांना एकाच वर्णपटाखाली आणले. निदानाला दोन बाजू असतात. पहिली, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण करण्यातील अडचण. दुसरी, ठरावीक गोष्टींची, क्रमाची, आवडीची घट्ट पकड. आवाज, प्रकाश, स्पर्श, चव यांची तीव्र किंवा अगदी मंद जाणीव या दुसऱ्या बाजूतच मोडते. ही लक्षणे बालपणापासून असावी लागतात. मात्र परिस्थितीचा ताण माणसाच्या ताकदीबाहेर जाईपर्यंत ती उघड न होणे, किंवा शिकून घेतलेल्या सवयींखाली ती झाकली जाणे शक्य आहे, असे ती पुस्तिका मान्य करते. ‘मग इतकी वर्षे कसे दिसले नाही?’ या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. ते झाकले होते, आणि झाकण्याचे कष्ट त्या व्यक्तीने एकटीने उपसले होते. मुली हे झाकणे लहानपणीच शिकतात. ‘मुलीच्या जातीने असे वागू नये’ हे वाक्य आपल्या घरांत किती वेळा उच्चारले जाते, हे वाचकांना सांगावयास नको. मुलींचे निदान राहून जाण्यामागे हेही एक कारण आहे.

रक्ताची चाचणी नाही, क्ष-किरणांत काही दिसत नाही, मग निदान कसे, असेही विचारले जाते. मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ दीर्घ मुलाखती घेतात, निरीक्षण करतात, शाळेची जुनी प्रगतिपुस्तके मागवतात, आणि शक्य असल्यास आईवडिलांना बालपणाविषयी विचारतात. हे काम तासाभरात होत नाही. यातही चूक होऊ शकते. चिंताविकार किंवा चंचलतेचा विकार याच्याशी गफलत होऊ शकते. तशी प्रामाणिक शंका असेल, तर प्रौढांच्या निदानाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर घ्यावे. परंतु तो निर्णय लग्नाच्या मांडवात जेवणाच्या पंगतीत आत्याबाईंनी करावयाचा नसतो.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते’ हे वाक्य तर सर्वत्र ऐकू येते. होते. नाव नव्हते. आमच्या लहानपणी प्रत्येक वाडीत एखादा मामा असे, जो माणसांत मिसळत नसे, केळीच्या बागेत एकटा राबे, एस.टी.च्या सर्व गाड्यांच्या वेळा त्यास पाठ असत आणि ताटातील भाताला आमटी लागली तर उपाशी उठे. आपण त्याला घुम्या, तिरसट, वेडसर म्हणत असू. (दिवंगतांचे निदान करण्याचा अधिकार आम्हांस नाही, केवळ आठवण झाली.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक व्यक्ती ऑटिस्टिक होती. पाच हजार भाविकांच्या धर्मग्रामाला हे प्रमाण लावले तर चाळीसच्या आसपास माणसे होतात. रविवारी ती कोठे बसतात?

आता जिच्यावर शंका घेतली जाते, तिने काय करावे? आमच्या मते सर्व शंका सारख्या नसतात, हे प्रथम ओळखावे. कोणी अज्ञानाने बोलतो, त्याला दोन वाक्यांत सांगता येते. कोणी खिजवण्यासाठी बोलतो, त्याच्याशी वाद घालण्यात शक्ती दवडू नये; “हा माझा आणि माझ्या डॉक्टरांचा विषय आहे” एवढे म्हणून विषय बदलावा. निदान ही खाजगी बाब आहे, ते कोणाला सांगावे हे आपणच ठरवावे, आणि सांगितले म्हणून प्रत्येकास पुरावा देण्याचे बंधन आपल्यावर येत नाही.

सर्वांत कठीण शंका आईवडिलांची, कारण ती भीतीतून आलेली असते. ‘तुला काही झालेले नाही’ या वाक्याच्या आत पुष्कळदा ‘माझे काही चुकले का?’ हा प्रश्न दडलेला असतो. ही भीती निराधार नाही. जगाने आयांना खरोखरच दोषी धरले होते. १९६७ साली ब्रूनो बेटेलहाइम यांनी आईच्या थंडपणामुळे मुले अशी होतात असे पुस्तकच लिहिले. ती कल्पना आता पूर्णपणे टाकून दिली गेली आहे. १९९८ मध्ये १२ मुलांवर आधारलेल्या एका निबंधाने गोवराच्या संयुक्त लसीवर संशय निर्माण केला. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो २०१० मध्ये मागे घेतला आणि मुख्य लेखकाचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढण्यात आले. लस नाही, नोकरी करणारी आई नाही, मोबाइल नाही. जन्मापूर्वीच होणारी मेंदूची वेगळी जडणघडण आणि त्यात अनुवंशाचा मोठा वाटा, असे आज विज्ञान सांगते. आईला हे सांगताना “तू माझे ऐकत नाहीस” याऐवजी “यात तुझी काही चूक नाही” हे वाक्य आधी आले, तर पुढचे संभाषण सुकर होते. विवाहाच्या स्थळांची काळजीही या नकारामागे असते. ती बोलून दाखवली जात नाही इतकेच.

नाव मान्य नसलेल्या माणसालाही गरज समजावता येते. “मला फटाक्यांचा आवाज सहन होत नाही, म्हणून सणाच्या मिरवणुकीत मी मागे राहीन” हे समजावयास कोणास प्रमाणपत्र लागत नाही. घरच्यांशी निदानावर वाद घालण्यापेक्षा अशी एकेक गोष्ट मान्य करून घेणे अधिक उपयोगी पडते.

प्रमाणपत्राचाही एक गैरसमज आहे. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात ऑटिझमचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत त्यास स्थान मिळाले. सरकारी प्रमाणपत्रासाठी ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात, आणि आरक्षणासारख्या सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. नोकरी करणाऱ्या प्रौढास तितके गुण मिळतीलच असे नाही. प्रमाणपत्र मिळाले नाही म्हणजे निदान खोटे, असा अर्थ नातेवाईक काढतात. तो चुकीचा आहे. एक सवलतीची मर्यादा आहे, दुसरे वैद्यकीय मत आहे.

हे पत्र वाचताना आम्हांस संत योहानच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय आठवला. जन्मांधाला दृष्टी मिळाली, आणि त्याच्या आनंदात सहभागी होण्याऐवजी सारा गाव चौकशीस बसला. शेजारी म्हणतात, हा तोच नव्हे. परुशी त्याला पुन्हा पुन्हा विचारतात. आईवडिलांना बोलावले जाते, ते भीतीने अंग काढून घेतात आणि तो सज्ञान आहे, त्यालाच विचारा असे सांगतात. शिष्यांचा प्रश्न तर आरंभीच आलेला असतो, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू तो प्रश्नच नाकारतो. तुलना ताणू नये. तो मनुष्य बरा झाला, आणि ऑटिझम हा प्रार्थनेने उतरवावयाचा ताप नव्हे. एखाद्या प्रार्थनासभेत ‘श्रद्धा कमी पडली’ असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नये. परंतु आपल्याविषयी आपणास जे ठाऊक आहे तेवढेच शांतपणे सांगत राहणारा तो मनुष्य आम्हांस फार जवळचा वाटतो.

ख्रिस्तसभेची भूमिका या बाबतीत स्पष्ट आहे. कॅनन लॉच्या ७७७ व्या कलमानुसार शरीराने वा मनाने अडचणीत असलेल्यांना त्यांच्या स्थितीप्रमाणे धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे प्रमुख धर्मगुरूचे कर्तव्य आहे. ज्यास पवित्र भाकरीचा स्पर्श जिभेवर सहन होत नाही, त्यास गरज असल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपात ख्रिस्तप्रसाद देता येतो (कलम ९२५). ही गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. नोव्हेंबर २०१४ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकनमध्ये ऑटिस्टिक व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांची भेट घेऊन त्यांचा एकाकीपणा आणि त्यांच्यावरील कलंक दूर करण्याचे आवाहन केले. २०१८ साली त्यांच्या बुधवारच्या भेटीच्या वेळी बोलू न शकणारा एक लहान मुलगा मंचावर चढून स्विस गार्डचा हात ओढू लागला, तेव्हा त्यांनी त्यास खेळू दिले आणि तो मुलगा मोकळा आहे, याने मला विचारात पाडले, अशा अर्थाचे उद्‍गार काढले. आमच्या मंडपात असे मूल वेदीवर चढले असते, तर आम्ही काय केले असते, याचे उत्तर देण्यास आम्ही कचरतो.

पत्र मिळाल्यावर आम्ही त्या शिक्षिकेच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. तुला काय सोयीचे होईल, असे विचारले. तिच्या मागण्या ऐकून आम्ही ओशाळलो, इतक्या त्या लहान होत्या. वाचन सॅक्रिस्टीच्या दाराशी हातात न देता आठवडाभर आधी कळवावे. शांतीची खूण करताना कोणी हात ओढू नये, नमस्कार पुरे. आणि नऊऐवजी सात वाजताची मिस्सा, जिथे गायकवृंदाचे ढोल नसतात. आता ती महिन्यातून एकदा सातच्या मिस्सामध्ये वाचन करते, मान खाली ठेवून, भाविकांकडे न पाहता. आई अजूनही म्हणतात की तिला काही झालेले नाही. मात्र रविवारी दुपारी त्या घरातील टी.व्ही. बंद ठेवतात.