बारा व्होल्ट दिसतात, तरी रोबो का थांबतो?

गोडादरा, लिंबायत, उधना या भागांतल्या खानदेशी घरांत लूमवर काम केलेला एखादा तरी माणूस सापडतोच. हादऱ्याने नट सैल होतो, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्पर्धेच्या रोबोचं दुखणंही तेच. फक्त इथल्या नटाखालून शंभर-शंभर अँपिअर वाहत असतात.

सुरतच्या एसव्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेत उतरतात. 2008 साली आशिया-पॅसिफिकची ही स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा खेळच गोविंदाचा, लोण्याच्या मडक्यांचा होता. लढत जेमतेम तीन मिनिटांची. तेवढ्यात पाना शोधायला कुणाला सवड?

ढिला जोड फसवा असतो. रोबो उभा असताना मल्टिमीटर लावा, व्होल्टेज ठणठणीत दिसेल. समजा जोडाचा रोध फक्त 10 मिलिओहम आहे. साध्या मीटरला तो कळतही नाही. पण मोटारींनी 100 अँपिअर ओढले की तिथेच एक व्होल्ट गळतो आणि 100 वॉट उष्णता तयार होते. मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न बहुधा 25 ते 60 वॉटचं असतं! तापलेल्या जोडावर ऑक्साइड धरतं, पकड सुटते, रोध आणखी वाढतो. व्होल्टेज कोसळून कंट्रोलर रीसेट होतो आणि बोल लागतो तो बिचाऱ्या कोड लिहिणाऱ्याला.

वायरीच्या टोकाला लग, म्हणजे स्क्रूखाली अडकवायची धातूची कडी, बसवायचा तो योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने. पक्कडीने चेपलेला लग हा नुसता दिखावा. सोल्डर केलेली टोकंही स्क्रूखाली दाबू नयेत. दाबाखाली सोल्डर हळूहळू सरकतं आणि घट्ट आवळलेला स्क्रू आपोआप ढिला पडतो. लग थेट टर्मिनलला टेकलेला हवा. वॉशर मध्ये नको, लगच्या वर. त्यावर नायलॉक नट. हाताने लग फिरला, तर तो बसलेलाच नाही. केबल जोडापासून थोड्या अंतरावर चौकटीला बांधा, म्हणजे ओढ जोडावर येत नाही.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून मुलं बिनधास्त असतात. पण लेड-ॲसिड बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला, तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. अंगठी, कडं आधी काढा, टर्मिनल झाकून ठेवा, फ्यूज बॅटरीच्या जवळच लावा. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीच्या दोन्ही वायरी कात्रीने एकदम कापणं म्हणजे तर स्वतःच्या हाताने शॉर्ट करणं.

खरी तपासणी भाराखाली. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक क्लिप टर्मिनलच्या धातूला आणि दुसरी लगपलीकडच्या तांब्याला लावा. मग हात बाजूला घेऊन रोबोला भिंतीवर क्षणभर जोर लावू द्या. काही मिलिव्होल्ट दिसले, तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला, तर बॅटरी सोडवून तो जोड नव्याने करा.