पाळी चुकण्याआधीची गोळी

पाळी चुकते, बाई आणखी आठवडाभर वाट पाहते, मग चाचणी करते, आणि डॉक्टरकडे नाव घालेपर्यंत बहुधा दुसरा-तिसरा महिना लागलेला असतो. तोवर गर्भाच्या पाठीचा फैसला होऊन गेलेला असतो. गर्भाच्या पाठीच्या बाजूला पेशींची एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात, एकमेकींकडे वळतात, चिकटतात आणि बंद नळी तयार होते. हीच न्यूरल ट्यूब. तिच्या वरच्या टोकापासून मेंदू घडतो, बाकीच्या भागापासून मज्जारज्जू. वरचे तोंड गर्भधारणेनंतर साधारण पंचविसाव्या दिवशी मिटते, खालचे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास. वरचे उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच होत नाही, आणि असे बाळ जगत नाही. खालचे उघडे राहिले तर स्पायना बिफिडा होतो: मणक्यांत फट, तिच्यातून पाठीवर फुगून आलेली पिशवी, पायांत कमीअधिक लुळेपणा, लघवी-शौचावर ताबा नाही, आणि पुष्कळदा मेंदूत पाणी साठणे. जन्मल्यावर एक-दोन दिवसांत पाठीची शस्त्रक्रिया करावी लागते. मग डोक्यातले पाणी पोटात उतरवणारी नळी बसवतात, ती तुंबली की पुन्हा ऑपरेशन, आणि घरी रोज काही तासांनी कॅथेटर घालून लघवी काढणे. हे सगळे मुख्यतः आईच्या वाट्याला येते. पुण्याच्या संशोधकांनी २०१३ साली देशभरातल्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा भारतात हजार जन्मांमागे सुमारे चार बाळांत हा दोष निघाला. कॅनडात तो हजारी एकाच्याही खाली आहे, आणि त्या हिशेबात सोनोग्राफीत दोष कळल्यावर केलेले गर्भपातही धरलेले आहेत. हे प्रमाण खाली आणण्याचा उपाय तीसहून अधिक वर्षे माहीत आहे, स्वस्त आहे, आणि तो एकेकट्या बाईच्या जागरूकतेवर सोडून चालत नाही, तो अन्नातूनच पोचवावा लागतो.

या उपायाची सुरुवात मुंबईत झाली, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत असे. त्यात तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने फुगलेल्या दिसत आणि बाळंतपणाच्या सुमारास बाई दगावे. विल्सने आधी जंतूंचा माग काढला, तो निष्फळ ठरला. मग या बायका काय खातात ते तिने पाहिले आणि तसाच निकस आहार माकडांना दिला. तीही आजारी पडली. मार्माइट नावाचा यीस्टचा काळा, चिकट, स्वस्त अर्क दिल्यावर ती सुधारली आणि बायकाही सुधारल्या. हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढण्यात आला, तोच फोलेट. गोळीत त्याचे कृत्रिम रूप असते, ते फॉलिक अॅसिड. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत बनवावी लागते आणि त्या कामाला फोलेट लागते. म्हणून जिथे पेशी झपाट्याने वाढतात तिथे त्याची टंचाई आधी जाणवते: हाडांच्या मगजात, आणि पहिल्या महिन्यातल्या गर्भात.

गर्भाशी असलेले नाते सिद्ध व्हायला मात्र बराच काळ गेला. १९६५ साली एलिझाबेथ हिबार्ड आणि रिचर्ड स्मिथेल्स या लिव्हरपूलच्या डॉक्टरांनी सदोष बाळांच्या आयांत फोलेटचे चलनवलन बिघडलेले दिसते, असे मांडले. ज्यांना आधी असे मूल झाले होते अशा स्त्रियांना स्मिथेल्सने पुढच्या गरोदरपणाआधीच जीवनसत्त्वे दिली. १९८० च्या निष्कर्षांत गोळ्या घेतलेल्या १७८ जणींपैकी एकीच्याच बाळात दोष परतला, न घेतलेल्या २६० पैकी १३ जणींच्या. पण गोळ्या कोणाला मिळतील हे चिठ्ठी टाकून ठरवलेले नव्हते. मुळातच काळजी घेणाऱ्या बायकांनी त्या घेतल्या असतील, ही शंका रास्त होती. ती फेडण्यासाठी निकोलस वॉल्ड यांच्या नेतृत्वाखाली सात देशांतल्या ३३ केंद्रांत १८१७ स्त्रियांची चाचणी झाली. १९९१ च्या एप्रिलमध्ये ती मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण उत्तर उघड दिसू लागले होते. फॉलिक अॅसिड घेतलेल्या गटात ५९३ गर्भांपैकी ६ सदोष, न घेतलेल्या गटात ६०२ पैकी २१. म्हणजे सुमारे ७२ टक्के संरक्षण. पुढच्याच वर्षी हंगेरीत, आधी असे मूल न झालेल्या हजारो स्त्रियांतही तोच कल दिसला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपल्याकडे अशीच चाचणी चालवली होती, तीही १९९१ च्या निकालानंतर बंद केली. तोवर गोळ्या घेणाऱ्यांत दोष परतण्याचे प्रमाण २.९२ टक्के, न घेणाऱ्यांत ७.०४ टक्के भरले होते. नमुना लहान होता, पण दिशा तीच होती.

यावर पहिला आक्षेप नात्यागोत्यातून येतो: हे तर रक्तातच असते, जीवनसत्त्व काय करणार? आनुवंशिकतेचा वाटा आहेच. एक बाळ सदोष जन्मले की पुढच्या वेळी तसे होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते. एमटीएचएफआर नावाच्या जनुकाचा एक पर्यायी प्रकार १९९५ साली ओळखला गेला. त्यापासून बनणारे विकर फोलेटला कामाच्या रूपात आणण्यात मंद पडते, आणि दोन्ही पालकांकडून तो मिळाला तर धोका वाढतो. पण याच शोधातून हेही दिसते की जनुक इथे एकटे निकाल लावत नाही. मंद विकराला भरपूर फोलेट मिळाले तर ते पुरेसे काम उरकते. आईवडिलांकडून आलेली कमजोरी आणि ताटातली कमतरता एकत्र आल्या की नळी उघडी राहते, आणि यातली दुसरी आपल्या हातात आहे. आपल्याकडे अजूनही सुनेने ग्रहण पाळले नाही, त्या वेळी विळी हातात घेतली, असे बोल लावले जातात. शास्त्राने दिलेले उत्तर तिला या दोषारोपातून सोडवते. तरीही समाज म्हणून आपण ते पुरते उचललेले नाही, याची खंत वाटते.

मग गोळ्या वाटा, असे म्हणणे सोपे आहे. अॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात पहिल्या तिमाहीसाठी रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सांगितलेली आहे, शक्य तर गर्भधारणेच्या आधीपासून. आशाताई नोंदणी झालेल्या बाईपर्यंत ती पोचवतातही. अडचण तारखेची आहे. नोंदणी होते तेव्हा अठ्ठाविसावा दिवस उलटून गेलेला असतो, आणि त्यानंतरची गोळी रक्तवाढीला उपयोगी असली तरी पाठीच्या कण्यासाठी उशिराची ठरते. नियोजन करून राहिलेल्या गरोदरपणातही फारसे वेगळे घडत नाही. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षे मोहिमा चालवूनही २०११-१२ साली पाहणीतल्या ३१ टक्के स्त्रियांनीच गरोदर राहण्याआधी गोळी सुरू केली होती, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा हे प्रमाण घटलेले होते. पालेभाजी आणि डाळी खा, हा सल्ला चांगलाच आहे. पण नैसर्गिक फोलेट शिजवताना नष्ट होते, पाण्यात उतरून फेकले जाते, आणि उरलेलेही गोळीतल्याइतके शोषले जात नाही. मेथी-पालकातून नेमके त्याच आठवड्यांत पुरेसे संरक्षण मिळेल, अशी हमी देता येत नाही.

अमेरिकेने १ जानेवारी १९९८ पासून पिठात दर १०० ग्रॅममागे १४० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घालणे सक्तीचे केले. कॅनडानेही त्याच वर्षी तसे केले आणि तिथले प्रमाण हजारी १.५८ वरून ०.८६ वर आले. चिलीने २००० साली २२० मायक्रोग्रॅम धरले, तिथे दोष जवळपास निम्मे झाले. सक्तीला विरोध झाला, तो ऐकून घेण्यासारखा आहे. न मागितलेले औषध सगळ्यांच्या पोटात का, हा प्रश्न खरा आहे, पण मिठातले आयोडीन आपण याच न्यायाने स्वीकारले आहे. कर्करोगाची भीती होती. सुमारे ५० हजार लोकांवरच्या चाचण्या २०१३ साली एकत्र तपासल्या गेल्या, त्यांत फॉलिक अॅसिडने कर्करोग लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही, आणि त्या चाचण्यांतली मात्रा पिठातून मिळते त्याच्या कितीतरी पट होती.

सर्वांत वजनदार आक्षेप आपल्याच मातीतला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या गरोदर स्त्रियांचे रक्त तपासले. सुमारे दोन-तृतीयांश जणींत बी-१२ कमी निघाले, फोलेटची कमतरता मात्र जवळजवळ सापडलीच नाही. त्याच केंद्राच्या दुसऱ्या अभ्यासात सदोष बाळांच्या आयांत पेशींना वापरता येण्याजोगे बी-१२ कमी होते. आयर्लंडमध्येही बी-१२ कमी असलेल्या आयांत धोका दोन-तीन पट आढळला आहे. शिवाय बी-१२ कमी असताना नुसते फॉलिक अॅसिड मोठ्या मात्रेत दिले तर रक्त सुधारते आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते, हे १९४० च्या दशकापासून माहीत आहे. मग आपल्याकडे फॉलिक अॅसिडची गरज आहे का? आहे, असे मला वाटते. रक्तक्षय टाळायला पुरणारे फोलेट आणि नळी मिटायला लागणारे फोलेट यांत मोठे अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली संरक्षणासाठी तांबड्या पेशींतले प्रमाण लिटरला ९०६ नॅनोमोल सांगितले, ते ‘कमतरता’ ठरवण्याच्या रेषेच्या दुपटीहून अधिक आहे. पुण्याच्या संशोधनातून मी एवढेच घेतो की दूध-दह्यावर भागवणाऱ्या आणि मांसाहार क्वचितच करणाऱ्या समाजात बी-१२ त्याच अन्नात, सोबतच घातले पाहिजे.

कागदावर भारताने हे दोन्ही केले आहे. रेशनवरच्या पोषणयुक्त तांदळात लोहाबरोबर फॉलिक अॅसिड आणि बी-१२ असते, आट्याचे मानकही तसेच आहे. पण मात्रा पाहा. किलोला ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. रोज ३०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या बाईला त्यातून तीसेक मायक्रोग्रॅम मिळतील, तर शिफारस ४०० ची आहे. इतके पीठ रोज खाल्ले जात असेल तर किलोला निदान १००० मायक्रोग्रॅम घाला, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेत ते १४०० आहे. ब्रिटनने २०२४ मध्ये कायदा करून २५०० ठरवले आहे. बी-१२ चा हिशेबही तसाच आहे: किलोला सुमारे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे रोज ०.३, आणि गरज दोनहून अधिक. पोषणयुक्त तांदळावरचा आपल्याकडचा वाद प्रामुख्याने लोहाभोवती फिरतो. सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांबाबतची काळजी त्यातूनच येते. फॉलिक अॅसिडला तो वाद लागू नाही. नंदुरबार-गडचिरोलीतल्या सिकलसेल रुग्णांना ते उपचार म्हणून दिलेच जाते.

आट्याची दुसरी अडचण म्हणजे महाराष्ट्रातली असंख्य घरे गहू-ज्वारी आणून कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण करतात. तिथे कोणतीही सक्ती पोचणार नाही. म्हणून मीठ हा मार्ग मला अधिक खात्रीचा वाटतो. भाकरी खाणारे, भात खाणारे, रेशनकार्ड नसलेले, सगळे पाकिटातले मीठ घेतात. दक्षिण भारतातल्या काही खेड्यांत आयोडीनबरोबर फॉलिक अॅसिड असलेले मीठ चार महिने वापरल्यावर स्त्रियांच्या रक्तातले फोलेट तिपटीहून अधिक वाढल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले. गट लहान होता, मोठ्या प्रमाणावर आणि बी-१२ सह हे करून पाहायला हवे.

ते होईपर्यंत, मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ठरवल्या दिवसापासून, निदान एक महिना आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे आणि शाकाहारी असल्यास बी-१२ तपासून घ्यावे. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोळी पाच मिलिग्रॅमची, म्हणजे बारापट असते. आधी असे मूल झाले असेल किंवा फिट्सवर व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर तेवढी मोठी मात्रा लागू शकते. पण ती डॉक्टरांनी ठरवायची, आणि फिट्सचे औषध परस्पर बंद करायचे नाही.