पैसे मोजले म्हणून माल मोकळा झाला काय?

ओट्यावर बसून माल विकणारी स्त्री कोकणाला नवी नाही. कासारीण आली, बोहारीण आली, आणि अलीकडे त्यांच्याच वाटेने, हातात कंपनीचा कॅटलॉग आणि पिशवीत क्रीमच्या डब्या घेऊन, ओळखीपाळखीतलीच एखादी वहिनी मुरुडच्या आळीआळीतून फिरताना दिसते. महिनाअखेरीस टार्गेट पुरे करण्यासाठी तिने स्वतःच्या पैशाने माल उचललेला असतो. तो घरच्या कपाटात साचू लागला, की ‘ऑनलाइन टाकून दे, हातोहात जाईल’ असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. हा सल्ला ज्या समजुतींवर उभा आहे त्यांची झडती घेणे अगत्याचे आहे, कारण त्यांतील बहुतेक अर्ध्या खऱ्या आहेत.

पहिली आणि सर्वांत दृढ समजूत अशी, की रोख पैसे मोजले, पावती झाली, आता मालकी माझी. मग तो नग मी मुरुडच्या बाजारपेठेत विकीन, नाहीतर दिल्लीच्या गिऱ्हाइकाला धाडीन. मालकीपुरते हे खरे आहे. व्यापारचिन्हांच्या 1999 च्या कायद्यातील कलम 30 पाहता, रीतसर खरेदी केलेल्या अस्सल मालाची पुनर्विक्री चिन्हाच्या मालकाला सहसा अडवता येत नाही. मात्र बाजारात आल्यानंतर मालाची स्थिती पालटली किंवा खालावली असेल, तर हरकत घेण्याचा त्याचा अधिकार तेच कलम राखून ठेवते. शिवाय मालकीहक्क ही एक गोष्ट आणि करारनामा ही दुसरी. सभासद होताना मोबाइलवर न वाचताच ज्या अटींना आपण मान्यता दिली, त्यांत ऑनलाइन बाजारपेठेत माल न मांडण्याची अट अनेक कंपन्या घालतात. ती मोडल्यास डबी जप्त होत नाही, पण सभासदत्व, कमिशन आणि वर्षानुवर्षे खपून उभी केलेली डाउनलाइन, म्हणजे आपण सभासद केलेल्यांची साखळी, एका पत्राने जाऊ शकते.

येथे कोणी दिल्ली उच्च न्यायालयाचा दाखला पुढे करतो. तो नीट पाहावा. ॲमवे, ओरिफ्लेम आणि मोदीकेअर या कंपन्यांनी ॲमेझॉन, स्नॅपडील आदी बाजारपेठांविरुद्ध फिर्याद केली, आणि 8 जुलै 2019 रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी, कंपनीच्या संमतीवाचून असा माल मांडण्यास अंतरिम मनाई केली. अशा घरोघरच्या, म्हणजे ‘प्रत्यक्ष’ विक्रीविषयीची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे कायद्याइतकीच बंधनकारक आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. 31 जानेवारी 2020 रोजी न्यायमूर्ती मुरलीधर व न्यायमूर्ती तलवंत सिंह यांच्या खंडपीठाने तो मनाई हुकूम रद्द केला आणि ती तत्त्वे केवळ सल्लावजा ठरविली. एवढ्यावरून ‘कोर्टाने परवानगी दिली’ अशी आवई उठली. वाद होता तो कंपनी आणि बाजारपेठ यांच्यामधला, आणि तोही अंतरिम हुकुमापुरता. कंपनी आणि तिची सभासद यांच्यातील करारनामा त्या निकालाने फाडून टाकलेला नाही.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमज असा, की 28 डिसेंबर 2021 च्या ग्राहक संरक्षण (प्रत्यक्ष विक्री) नियमांनी ऑनलाइन विक्रीच बंद केली. तसेही नाही. ई-कॉमर्स व्यासपीठावरून विकणाऱ्याने 2020 चे ई-कॉमर्स नियमही पाळावेत, असे ते सांगतात. आता हे पाळणे म्हणजे काय, हे ज्यांनी वाचले त्यांचा उत्साह जरा ओसरतो. मुदत संपण्याची तारीख व माल कोणत्या देशातला हे जाहीर करणे, तक्रार-निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोच 48 तासांत देऊन महिन्याभरात तिचा निकाल लावणे, सदोष माल परत घेणे, ही सारी विक्रेत्याची कर्तव्ये आहेत. ‘जबाबदारी ॲमेझॉनची, माझी कसली?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू ठरतो. नणंदेच्या नावाने स्वतःच पाच तारे देण्याचा जो निरुपद्रवी वाटणारा प्रघात आहे, त्यालाही तेथे स्पष्ट मज्जाव आहे.

काही चतुर मंडळी खोक्यावरचे अंक खरवडून टाकतात, म्हणजे माल कोणाकडून फुटला हे कंपनीला उमगू नये. या चातुर्याने साधी करारभंगाची गोष्ट कायद्याच्या अपराधापाशी जाऊन पोहोचते. बॅच क्रमांक हा लेबलाचा सक्तीचा भाग आहे. विहित लेबल नसलेले प्रसाधन 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये ‘मिसब्रँडेड’ ठरते, आणि त्याची विक्री निषिद्ध आहे. छापील किंमत पुसणे किंवा बदलणे हेही वजनमापांच्या नियमांत बसत नाही.

‘क्रीम काही मासळी नव्हे, नासायला!’ असे म्हणणाऱ्यांचे मला विशेष आश्चर्य वाटते. सुपारीला दमट हवेत बुरशी येते, सुक्या बोंबलाला ओल लागली की त्याचा भाव उतरतो, हे ज्या गावाच्या अंगवळणी पडले आहे, त्याच गावात पत्र्याखालच्या खोलीत वैशाखभर क्रीमची खोकी निर्धास्त पडलेली असतात. क्रीम म्हणजे तेल आणि पाणी यांचा कष्टाने जुळवून आणलेला संसार; उष्म्याने तो फुटतो, आणि तारीख उलटण्यापूर्वीच फुटतो. त्वचेवर पुरळ उठलेल्या परगावच्या गिऱ्हाइकाला आपली खोली ठाऊक नसते. त्याच्यापाशी असते ते विक्रेता म्हणून आपले नाव.

कराविषयी थोडक्यात: उलाढाल किरकोळ असली की जीएसटीची गरज नाही, ही समजूत ऑनलाइन मालापुरती अपुरी आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून लहान विक्रेत्याला नोंदणीतून सूट मिळते, पण ती राज्यांतर्गत विक्रीपुरतीच, तीही पोर्टलवर नावनिशी दाखल करून. एक पुडके बेळगावला गेले की ती सूट गेली.

आणि एवढे सोसून हाती काय पडते? उदाहरणादाखल, हजार छापील किमतीची डबी सभासदाला आठशेला पडली असे धरू. ऑनलाइन तीच डबी कोणी साडेसातशेला मांडून बसलेला असतो, कारण त्यालाही टार्गेटसाठी उचललेला माल मोकळा करायचा असतो. आपणही तीच किंमत लावली आणि बाजारपेठेची दलाली व टपाल मिळून दीडशे गेले, तर हाती सहाशे उरतात. अर्थात हा व्यापार नव्हे, पदरचे दोनशे घालून केलेला तोटा आहे. आणि आपल्या त्या साडेसातशेमुळे आळीतली दुसरी वहिनी, जिला आपणच सभासद केले, तिचे गिऱ्हाईकही तुटते.

वस्तुतः उरलेल्या मालाची सरळ वाट निराळीच आहे, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. विकण्याजोगा माल कंपनीने रास्त अटींवर परत घ्यावा, हे तत्त्व 2016 पासून लेखी आहे, आणि करार केल्यावर फेरविचाराची मुदत 2021 च्या नियमांतही आहे. विकण्याजोगा म्हणजे न वापरलेला आणि मुदतीतला. तेव्हा खोके शाबूत असेतोवर, आणि खोक्यावरचे अंकही शाबूत असेतोवर, पावत्यांच्या नकला जोडून कंपनीला लेखी मागणी पाठवावी. उत्तर टाळाटाळीचे आले तर 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. आणि अपलाइनने, म्हणजे आपल्याला सभासद करून घेणारीने, ‘थोडे थांबा, पुढच्या महिन्यात खपेल’ असे म्हटले, तर डबीवरची तारीख तिला वाचून दाखवावी.