वासरांच्या व करडांच्या वाढीसाठीं जीवाणूंचें पूरक खाद्य

आमच्या जालना जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचा संसार पुष्कळ अंशीं गोठ्यावर तरतो, ही गोष्ट वाचकांस नव्यानें सांगावयास नको. पाऊस चुकला म्हणजे सोयाबीन व कपाशी दोन्ही हातचीं जातात. त्या सालीं घरचा किराणा, मुलांच्या वह्या आणि सावकाराचें व्याज हें सर्व दारच्या दोन गाई, एखादी म्हैस किंवा पांच-सात उस्मानाबादी शेळ्या यांवरच भागवावें लागतें. उस्मानाबादी शेळी आमच्या मराठवाड्याची खरी लक्ष्मी. ती काटक आहे, बोराटी-बाभळीच्या पाल्यावर राहते आणि बहुधा जुळीं देते. परंतु अडीच किलोंच्या आंतबाहेर वजनाचें तें करडूं मृगाच्या पहिल्या सरीनंतर हगवणीनें दोन दिवसांत आडवें होतें, आणि त्याबरोबर घरची पुढील सहा महिन्यांची बेगमी जाते. हें नुकसान कोणी वहीवर मांडीत नाहीं, म्हणून तें लहान वाटतें इतकेंच.

अलीकडे पशुखाद्याच्या दुकानांतून “प्रोबायोटिक” या नांवाच्या पुड्या व बाटल्या दिसूं लागल्या आहेत. त्यांत उपकारक जीवाणु किंवा जीवाणूंपासून काढिलेले पदार्थ असतात, व त्यांच्या योगें वासरें-करडें झपाट्यानें वाढतात, असें विक्रेते सांगतात. हें खरें किती, आणि त्यासाठीं पैसा घालावा कीं नाहीं, असा प्रश्न शेतकरी बांधवांस पडणें साहजिक आहे. त्याचें उत्तर जितकें निश्चितपणें देतां येतें तितकें येथें देण्याचा आमचा विचार आहे.

जीवाणु म्हटला कीं रोग, अशी आपली समजूत असते. वस्तुतः दुधाचें दहीं व हिरव्या मक्याचा मुरघास हीं दोन्ही जीवाणूंचींच कामें होत. रवंथ करणाऱ्या जनावराचें तर सारें जीवनच त्यांवर चालतें. गाईच्या मोठ्या पोटांतील एक मिलिलिटर रसांत सुमारें दहा अब्ज जीवाणु असतात. कडब्यांतील जो काष्ठमय भाग गाईला स्वतः पचवितां येत नाहीं, तो हे जीवाणु फोडतात, आणि त्यांतून उत्पन्न होणाऱ्या आम्लांवर गाय जगते. ब-१२ हें जीवनसत्त्वही तेच तयार करतात.

परंतु नुकतें जन्मलेलें वासरूं हें अद्याप रवंथ करणारें जनावर नव्हे. त्याचें मोठें पोट लहान व निकामी असतें. प्यालेलें दूध एका पन्हळीवाटे सरळ चौथ्या पोटांत उतरतें. जन्मतः त्याच्या आंतड्यांत जीवाणूंची वस्ती जवळजवळ नसतेच. आईच्या सडांवरून, जिभेवरून व गोठ्याच्या जमिनीवरून पहिल्या कांहीं तासांतच ती वस्ती होऊं लागते. जमीन ओली व शेणानें माखलेली असेल तर हगवणीचे जीवाणु आधीं जागा बळकावतात. नव्या नांगरलेल्या रानांत बी वेळेवर न पडल्यास तण माजतें, तसाच हा प्रकार आहे.

पूरक खाद्यामागील कल्पना हीच कीं, या मोकळ्या रानांत आपण होऊन चांगलें बी टाकावें. उपकारक जीवाणु आंतड्याच्या भिंतीवर जागा व्यापतात. दुग्धाम्ल तयार करून रोगजंतूंस प्रतिकूल स्थिति आणतात. कांहीं जाती रोगजंतूंस मारक द्रव्यें सोडतात. आणि शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीसही त्यांच्यामुळें चालना मिळते. हगवण कमी झाली म्हणजे प्यालेलें दूध अंगीं लागतें. वाढ होते ती मुख्यत्वें या मार्गानें. पुडींत मांस वाढविणारें कोणतेंही जादूचें द्रव्य नसतें.

बाजारांतील मालाचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला, जिवंत दुग्धाम्ल-जीवाणूंचा. यांत लॅक्टोबॅसिलस व एंटेरोकोकस या वंशांतील जाती येतात. दुसरा, बॅसिलस वंशाचा. हे जीवाणु बीजाणुरूपानें असल्यामुळें उष्णता व कोरडेपणा सोसतात. तिसरा, मृत जीवाणु, त्यांच्या पेशींचे भाग किंवा त्यांच्या आंबवणांतून निघालेलीं द्रव्यें यांचा. यांत जिवंत कांहीं नसल्यानें तो टिकाऊ असतो. पुष्कळ पुड्यांत यीस्टही असतें. तें जीवाणु नसून किण्व आहे, आणि त्याचा उपयोग मोठें पोट चालूं झाल्यावर अधिक होतो.

ही कल्पना आजची नव्हे. तत्कालीन रशियन साम्राज्यांत जन्मलेले व पॅरिस येथें काम केलेले शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभींच आंबवलेल्या दुधांतील जीवाणु आंतड्यांस हितकर असल्याचें प्रतिपादिलें होतें. इ. स. १९७३ मध्यें फिनलंडांतील नुर्मी व रांताला या संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आंतड्यांतील जीवाणु नवजात पिलांस पाजले असतां पिलांना साल्मोनेला या रोगजंतूची बाधा होण्याचें प्रमाण कमी होतें.

मध्यंतरीं मात्र जगानें दुसरी वाट धरली होती. तिचा आरंभ अमेरिकेंतील लेडर्ली प्रयोगशाळेंत झाला. त्या प्रयोगशाळेचें संशोधन आपल्या आंध्र देशांत जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव हे इ. स. १९४८ मध्यें मृत्यु येईपर्यंत चालवीत होते, आणि ऑरिओमायसिन हें औषध तेथेंच निघालें. तें औषध काढून घेतल्यावर उरलेला चोथा कोंबडीच्या पिलांस चारला असतां तीं अधिक वाढतात, असें तेथील ज्यूक्स व स्टोकस्टॅड यांस आढळलें, व चोथ्यांत राहिलेला प्रतिजैविकाचा अंश हें त्याचें एक कारण ठरलें. इ. स. १९५० पासून ही वार्ता सर्वत्र पसरली, आणि निरोगी जनावरांसही वाढीसाठीं थोडें थोडें प्रतिजैविक चारण्याची चाल पडली.

या चालीचें फळ आज सर्वांस भोगावें लागत आहे. औषध सतत थोडें थोडें मिळाल्यानें रोगजंतु त्याला सरावतात. मग खऱ्या दुखण्याच्या वेळीं, जनावरास काय आणि माणसास काय, तें औषध लागूं पडत नाहीं. म्हणून स्वीडननें इ. स. १९८६ मध्यें ही चाल बंद केली. युरोपीय संघानें १ जानेवारी २००६ पासून ती पूर्णपणें थांबविली. आणि आपल्या भारत सरकारनें इ. स. २०१९ मध्यें कोलिस्टिन या औषधाचा अन्नासाठीं पाळलेल्या जनावरांत व त्यांच्या खाद्यांत वापर करण्यास मनाई केली. आपल्या घरचें मूल जेव्हां तापानें फणफणतें तेव्हां औषध लागूं पडावें असें वाटत असेल, तर करडांस वाढीसाठीं प्रतिजैविक चारण्याचा मोह आपण सोडला पाहिजे. जीवाणूंच्या पूरकास आज महत्त्व आलें आहे तें या कारणानें.

आतां गुण किती, तें पाहूं. लहान वासरांवरील अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून अर्जेंटिनांतील संशोधकांनीं इ. स. २०११ व २०१२ मध्यें जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत दुग्धाम्ल-जीवाणूंमुळें वजनवाढ सुधारल्याचें व हगवणीचें प्रमाण घटल्याचें दिसून आलें. परंतु सकस दूध पिणाऱ्या आणि भुकटीचें दूध पिणाऱ्या वासरांत हा लाभ सारखा नव्हता. जातीजातींत, गोठ्यागोठ्यांतही फरक पडतो. सामान्यतः असें म्हणतां येतें कीं, जेथें वासरांवर ताण अधिक तेथें लाभ अधिक; आणि जेथें दूध, निवारा व स्वच्छता उत्तम आहे तेथें तो थोडाच दिसतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. पुडी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. पहिली पायरी चीक. गर्भांत असतां आईच्या रक्तांतील रोगप्रतिकारक द्रव्यें वासरास मिळत नाहींत; तीं चिकांतूनच मिळतात, आणि तीं शोषून घेण्याची आंतड्याची शक्ति पहिल्या चोवीस तासांत संपते. म्हणून जन्मल्यापासून दोन तासांच्या आंत चीक पाजावा, आणि पहिल्या दिवसांत वजनाच्या एकदशांशाइतका पोटांत जाईल असें पाहावें. म्हणजे पंचवीस किलोंच्या वासरास अडीच लिटर व अडीच किलोंच्या करडास पावशेर. वार पडेपर्यंत वासरास पिऊं न देण्याची समजूत कोठें कोठें आहे, ती सोडावी. तिच्यापायीं मोलाचे तास फुकट जातात. नाळेस आयोडीन लावावें. बसावयास कोरडी जागा द्यावी. म्हशीच्या पिलांस आईच्या दुधावाटेच गोल जंत होतात, यास्तव पशुवैद्यांच्या सल्ल्यानें लवकर जंताचें औषध पाजावें. शेळ्यांस पावसाळ्यापूर्वीं आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून मूठभर भरडा, कोवळी वैरण व स्वच्छ पाणी पुढें ठेवावें, कारण मोठें पोट जागें होतें तें या कोरड्या खाण्यानेंच. एवढें करून मग पुडीचा विचार करावा.

ती द्यावयाची तर पहिले कांहीं आठवडे, दूध तोडतांना, खाद्य बदलतांना, लांबच्या बाजाराहून जनावर आणल्यावर आणि प्रतिजैविकाचा उपचार संपल्यावर द्यावी. या वेळीं तिचा उपयोग अधिक होतो. प्रतिजैविक चालूं असतां जिवंत जीवाणु दिल्यास बहुतेक मरूनच जातात. कढत दुधांत किंवा टीसीएल टाकलेल्या पाण्यांत ती मिसळूं नये. कोमट दूध चांगलें. मात्रा वेष्टनावर लिहिल्याप्रमाणें ठेवावी आणि रोज द्यावी, कारण हे पाहुणे जीवाणु आंतड्यांत फार काळ टिकत नाहींत. हगवण लागलेल्या पिलावर मात्र पुडीचा भरंवसा ठेवूं नये. त्यास जलसंजीवनी पाजून तात्काळ पशुवैद्यकीय दवाखाना गांठावा. पिलू मरतें तें बहुधा अंगांतील पाणी आटल्यानें.

विकत घेतांना चार गोष्टी पाहाव्या: जीवाणूच्या जातीचें नांव, एका ग्रॅमांत जिवंत जीवाणु किती, मुदत केव्हां संपते, आणि तो कोठें ठेवावयाचा. यांपैकीं कांहींच लिहिलेलें नसेल तर ती पुडी परत द्यावी. आमच्याकडे वैशाखांत पत्र्याखालीं काय उष्मा होतो तें सर्व जाणतात. लॅक्टोबॅसिलसची पुडी तेथें महिनाभर पडली तर तींत फारसें जिवंत उरत नाहीं. त्या दिवसांत बीजाणुरूप बॅसिलसचा माल किंवा थंड जागेंत ठेवलेलाच माल घ्यावा.

घरचें ताक पाजलें तर चालणार नाहीं काय, असेंही विचारलें जाईल. ताकांत जिवंत जीवाणु असतात हें खरें. परंतु दह्यांतील मुख्य जाती आंतड्यांत वस्ती करीत नाहींत, असें अमेरिकेंतील रेटगर यांनीं शंभर वर्षांपूर्वींच दाखविलें आहे. आणि घरोघरचें विरजण निराळें असतें. म्हणून स्वच्छ, ताजें ताक थोडें देण्यास हरकत नसली तरी दुधाच्या ऐवजीं तें देणें म्हणजे पिलाचा घास काढून घेणें होय.

शेवटीं हिशेबाची गोष्ट. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबण्यापेक्षां आपल्याच गोठ्यांत पारख करावी. आमची शेळी जुळीं देते, हें या कामीं फार सोयीचें आहे. पांच-सहा जोड्या घ्याव्या. प्रत्येक जोडींतील पूरक कोणास द्यावयाचें तें नाणें उडवून ठरवावें, मनानें नव्हे. जन्मतः व पुढें दर पंधरा दिवसांनीं, सकाळीं पिण्यापूर्वीं, ताणकाट्यानें वजन करून वहींत मांडावें. हगवण झाली ते दिवसही लिहावे. वासरांसाठीं काटा नसेल तर छातीच्या घेराचा इंचांत वर्ग करून त्यास इंचांतील लांबीनें गुणावें व ६६० नें भागावें. सुमारें किलोंत वजन येतें. घेर ३० व लांबी २८ इंच असल्यास तें ३८ किलो होईल.

समजा, दोन महिन्यांत एका करडामागें ६० रुपये खर्च झाला, आणि जिवंत वजनाचा भाव किलोस ४०० रुपये आहे. तर वाढीव वजन निदान १५० ग्रॅम मिळालें तरच खर्च निघाला. इतका थोडा फरक एका जोडींत कळावयाचा नाहीं; म्हणून अनेक जोड्या हव्या. उलट, दहांतून एक करडूं जरी वांचलें तरी त्याची किंमत सर्व पुड्यांच्या खर्चाहून अधिक भरेल. तेव्हां वजन व मरतूक हीं दोन्ही मोजावीं.

शंका असल्यास खरपुडी येथील कृषि विज्ञान केंद्रांत, परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत किंवा जवळच्या दवाखान्यांत विचारावें. ज्या सभासदांनीं अशी वही ठेविली असेल त्यांनीं ती आमच्याकडे धाडावी. लाभ झाला असो वा नसो, दोन्ही सारखेंच उपयोगाचें आहे. दहा गांवच्या दहा वह्या एकत्र झाल्या तर आमच्या जिल्ह्यापुरतें उत्तर आपलें आपणांसच मिळेल, आणि गरिबाचा पैसा पुडींत घालावा कीं कोरड्या गोठ्यांत, हें पुढील पावसाळ्यापूर्वीं ठरवितां येईल.