गाडीच्या एसीतला गॅस नेमका जातो कुठे?

मार्च उलटला, की गोव्यातील एसी दुरुस्तीच्या गॅरेजांत दहा-बारा वर्षे वापरलेल्या मोटारी उभ्या दिसू लागतात. तक्रार बहुधा एकच असते, एसी लावला तरी थंडावा येत नाही. उपायही ठरलेला असतो. गॅस भरला जातो, काही आठवडे गाडी गारेगार राहते आणि मे महिन्याच्या ऐन उकाड्यात पुन्हा कोमट वारा येऊ लागतो.

या चक्राच्या मुळाशी एक गैरसमज आहे. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो आणि डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलमध्ये उष्णता शोषून पुन्हा वायू होतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडाफार पाझरतो, हे खरे. पण दोन महिन्यांत थंडावा गेला तर गळती आहे, हे निश्चित समजावे.

किनारपट्टीवर पहिला संशय कंडेन्सरवर घ्यावा. अॅल्युमिनियमच्या या जाळीवर रस्त्यावरचे खडे आदळतात आणि खारी हवा तिला कुरतडते. त्याखालोखाल नळ्यांच्या सांध्यांतील ओ-रिंग, गॅस भरण्याचे व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसरच्या दांड्यावरील सील. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला तर हे सील तेलाअभावी सुकते. म्हणून पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे तो चालवावा. काचांवरचे बाष्प निवळते, हा वरचा लाभ.

गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असते. त्यामुळे गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसते. जाणकार मेकॅनिकची नजर आधी तिथेच जाते. डाग दिसला नाही, तर यंत्रणेत नायट्रोजन भरून सांध्यांना साबणाचा फेस लावतात, किंवा रंगद्रव्य सोडून अतिनील दिव्याखाली ते कुठे चमकते ते पाहतात. कूलिंग कॉइल मात्र डोळ्यांआड असते. गाडीखाली ठिबकणाऱ्या पाण्यात ते रंगद्रव्य आढळले, तर दोष कॉइलचा. तिच्यासाठी अनेक गाड्यांत संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरी सुट्या भागाहून जड जाऊ शकते. दुसऱ्यांदा गॅस भरण्याआधीच हा हिशेब मांडलेला बरा.

गळती बुजवल्यावर यंत्रणेतील हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने अर्धा-पाऊण तास खेचून काढणे आवश्यक असते. यंत्रणा उघडली असेल, तर ओलावा टिपणारा ड्रायरही बदलावा. त्यानंतर गॅस मोजून भरायचा, आणि इथेच पुष्कळ ठिकाणी घाई होते. बंद गाडीत गेजवर दिसणारा दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो. आत थोडा जरी द्रव उरला असेल, तरी काटा जवळजवळ तेवढाच दाब दाखवतो. म्हणून बॉनेटखालील पट्टीवर छापलेले वजन पाहून काट्यावर तोलून गॅस भरणे हीच योग्य रीत. लहान मोटारींत ते साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते. जास्त झाला तरी थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

स्वस्ताईच्या मोहात काही जण स्वयंपाकाचा गॅस एसीत भरून देतात. तो ज्वालाग्राही आहे आणि कॉइल फुटल्यास थेट प्रवाशांच्या डब्यात शिरतो. गळती बुजवणारी रसायनेही टाळावीत. ती बारीक छिद्रांबरोबर व्हॉल्व्हही बुजवू शकतात. घरी डबा आणून गॅस भरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. त्याच्या द्रवाचा फवारा त्वचेला किंवा डोळ्याला गंभीर इजा करतो.

एक बाजू गाडीबाहेरचीही आहे. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण हवेत सुटल्यावर शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याचा तापमानवाढीचा परिणाम तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट असतो. ४५० ग्रॅम गॅस गळून जाणे म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे लिटर पेट्रोल जाळण्यासारखे. दरवर्षी भरलेला गॅस दरवर्षी तिकडेच जातो.

गॅरेजमधून गाडी परत घेताना बिलावर दोन नोंदी मागून घ्याव्यात : गळती कुठे सापडली, आणि किती ग्रॅम गॅस भरला.