जुनी 'इम्पल्स' घ्यायची? आधी माळावर चालवून पाहा

कापडाची फेरी करणाऱ्या आपल्या बांधवांची एक अडचण नेहमीची आहे. डांबरी रस्ता गावापर्यंत जातो, पण गिऱ्हाईक असते पाड्यावर आणि वस्तीवर. तिथे पाणंद, ओढा आणि दगडगोटे. साध्या मोटारसायकलीचे पोट दगडाला घासते.

आमचा भाचा मालेगावात यंत्रमागावर काम करतो. चार पैसे साठवून बागलाणच्या पाड्यांवर साड्या-लुंग्यांची फेरी सुरू करायची, असे त्याने ठरवले आणि त्यासाठी 2012 सालची जुनी 'इम्पल्स' पसंत केली. "मामू, सौदा पक्का करू का?" असे विचारायला तो आला. आम्ही म्हटले, थान उलगडून पाहिल्याशिवाय आपण कापड घेत नाही, मग गाडी कशी घ्यायची?

गाडी कशी आहे?

हिरो मोटोकॉर्पने ही गाडी 2011 मध्ये बाजारात आणली व काही वर्षांनी बंद केली. त्याच कंपनीची 200 सीसीची 'एक्सपल्स' 2019 मध्ये आली. इम्पल्सचे इंजिन 149.2 सीसीचे, हवेने थंड होणारे, कार्ब्युरेटरचे आणि पाच गिअरचे आहे. ताकद सुमारे 13 हॉर्सपॉवर, वजन 134 किलो. पोट जमिनीपासून 245 मिलिमीटर वर आहे. पुढचे चाक 19 इंची, म्हणून खड्ड्यात सहसा अडकत नाही.

नवशिक्याला ती सोपी जाते ती याच कारणाने. ताकद बेताची असल्याने अॅक्सिलरेटर थोडा जास्त पिळला गेला तरी गाडी उसळत नाही. आडवी पडली तर एक माणूस उचलू शकतो. अशाच 150 सीसी इंजिनाच्या रस्त्यावरच्या गाड्याही कंपनीने विकल्या, त्यामुळे मिस्त्रीला हे इंजिन परके नाही. अडचण एकच, सीट 836 मिलिमीटर उंच आहे. बुटक्या माणसाचे पाय पुरते टेकत नाहीत.

गल्लीतली परीक्षा आणि माळावरची

विकणाऱ्याच्या दारात गाडी पहिल्या किकला सुरू झाली. धूर नाही, खडखड नाही. भाच्याने पैसे काढायला खिशात हात घातला. आम्ही त्याला थांबवले आणि विकणाऱ्याच्या परवानगीने गाडी गाळण्याकडे नेली. किल्ल्याच्या पायथ्याच्या शिवारात दगडाळ चढ आहेत.

पहिल्या दगडाळ उतारावरच खरी गोष्ट कळली. हँडल थरथरू लागले आणि ब्रेक दाबताच पुढून 'टक' असा आवाज आला. कोनसेट झिजलेला होता. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलाची रेघ होती, म्हणजे ऑइल सीलही गेलेले. गुळगुळीत गल्लीत यातले काहीच दिसले नव्हते. उतारावर वेगात हे घडले असते तर पैसे जाणे ही लहान गोष्ट ठरली असती.

बाकी गाडी चांगली निघाली. परतताना गिरणेच्या कोरड्या वाळूतही चालवली. वाळूत घाबरून पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते. दुसऱ्या गिअरमध्ये वेग एकसारखा ठेवावा आणि नजर लांब ठेवावी. दगडांवर फूटरेस्टवर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी धरावी. उतारावर पहिला गिअर ठेवून इंजिनालाच गाडी रोखू द्यावी. ओढा ओलांडल्यावर मागचा ब्रेक दोन-तीनदा हलका दाबावा. तो ड्रमचा आहे, ओला झाला की नीट धरत नाही.

घेण्यापूर्वी हे पाहा

पुढचे चाक उचलून हँडल फिरवा. मध्येच अडकले तर कोनसेट बदलावा लागेल. चाक आडवे हलवून बेअरिंग पाहा. स्पोक एकेक करून वाजवा, ढिल्याचा आवाज बोदा येतो. इंजिनाखाली आणि फूटरेस्टजवळ फ्रेमला नवे वेल्डिंग असेल तर गाडी घेऊ नका. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. या गाड्या त्याआधीच्या आहेत, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटर तपासून घ्या.

कागदपत्रे सोडू नका. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2012 ची गाडी 2027 मध्ये तपासणी आणि नूतनीकरणाला येते, तो खर्च आजच हिशेबात धरा. नाव बदलण्यासाठी 29 आणि 30 नंबरचे फॉर्म लागतात. आरसी बुकावर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर तो आधी विकणाऱ्याकडून उतरवून घ्या.

ओझ्यासह दुसरी परीक्षा

विकणाऱ्याने दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा केला आणि सौदा झाला. दुरुस्तीनंतर आम्ही भाच्याला 30 किलोची गठडी मागे बांधून पुन्हा त्याच चढावर पाठवले. रिकाम्या गाडीने सहज चढलेल्या जागी आता पुढचे चाक हलके होऊन हँडल भरकटू लागले. मग माल दोन पिशव्यांत विभागून दोन्ही बाजूंना खाली बांधला आणि तोच चढ निर्धास्त पार झाला.

बांधवांनो, या गाडीवर मोठा पल्ला वेगाने मारायचा नाही. हायवेवर ट्रकच्या पुढे जाण्याइतका तिच्यात दम नाही. पण पाड्यावरच्या गिऱ्हाइकापर्यंत माल पोचवायला ती उपयोगाची आहे. मात्र ज्या वाटेवर रोजी कमवायची, त्याच वाटेवर आणि तेवढ्याच ओझ्यासह ती चालवून पाहा. पैसे त्यानंतर मोजा.